मधल्या फेरीचं पान

९ जानेवारी

पोचले, आणि आल्या आल्या जागेच्या प्रेमात पडले. या वयात प्रेमात पडायला जागाच बरी, ती उलट उत्तर देत नाही. भावाच्या घरी माझा पलंग जेवणघर आणि मोरी यांच्या मधल्या बोळात होता. वहिनी पहाटे पाणी तापवायला उठली की आधी माझ्या पायाला ठेचकाळायची आणि मग माझ्याच नावाने सुस्कारा सोडायची. इथे स्वतंत्र खोली आहे. पूर्वेची खिडकी, न डगमगणारं टेबल, कपाटाला तिन्ही कप्पे. सामान लावून झाल्यावर उगाचच दोनदा खोलीत येरझारा घातल्या, जागा आहे म्हणून.

काम माझ्याच विषयाचं. मालकीणबाई व्हायोलेटची झाडं वाढवतात. टीचभर झाड, मखमलीसारखी लव असलेली पानं, मधोमध जांभळ्या-गुलाबी फुलांचा झुबका. उष्ण प्रदेशातलं, तरी थेट उन्हाचं वैरी. घराच्या प्रत्येक पूर्वेच्या खिडकीत फळ्यांवर फळ्या आणि फळ्यांवर कुंड्या. बाईंचे हात आता थरथरतात, म्हणून माणूस हवं होतं. मी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, की हात स्थिर आहे ना, आणि पानावरून रोप करता येतं ना. दोन्हीला हो म्हटलं.

बाई सत्तरीच्या, ताठ, डोक्यावरचा एक केस इकडचा तिकडे नाही. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाल्या, तुम्ही उगीच हसत नाही मॅडम, बरं झालं. आमचं जमणार.

१६ जानेवारी

बाईंची शिस्त बघून मन निवलं. रोज प्रत्येक कुंडी पाव फेर फिरवायची. नाहीतर झाड खिडकीकडे मान वळवतं आणि एका अंगाला कुबड येतं. पाणी वरून कधीच नाही. पानावर गार थेंब पडला की डाग पडतो, तो पान झडेपर्यंत जात नाही. बशीत कोमट पाणी ओतायचं, झाडाने खालून प्यायचं, अर्ध्या तासाने उरलेलं फेकायचं. कुंडी झाडाच्या घेराच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच. मुळं आवळली की झाड फुलतं, मोकळी जागा दिली की नुसती पानं माजतात. प्रदर्शन लांब असेल तर कळ्या दिसताक्षणी खुडायच्या.

मी म्हटलं, मुलंसुद्धा अशीच वाढवायला हवीत. बाई पहिल्यांदाच हसल्या.

भांडी घासायला एक बाई येते. तिचं तोंड हातापेक्षा जलद चालतं. ती म्हणाली, आजींचं झाडांवर प्रेम फार, माणसांचं मात्र विचारू नका. मी विचारलं नाही.

२१ जानेवारी

मागच्या खोलीत बाईंची मुलगी असते. पस्तिशीची असेल. बाई म्हणतात, डोक्याने अधू आहे. समोरच्या घरात पूर्वी कुणी भाडेकरू होता, त्याच्याकडे हिचा ओढा गेला. सहा महिने घराबाहेर राहून परत आली ती अशी. डॉक्टरांनी गडबड-गोंधळ, जास्त खाणंपिणं सगळं बंद ठेवायला सांगितलंय.

आज बाईंचे गुडघे धरले होते, म्हणून पाणी घेऊन मी गेले. खोली इतकी लहान की दार पूर्ण उघडलं तर खुर्चीला लागतं. मुलगी खुर्चीत, तोंड भिंतीकडे. ओठ फुटलेले. डाव्या हाताला करंगळी नाही. दारात चेमटली म्हणे. पेलाभर पाणी संपवून तिने अजून मागितलं. मावशी, थोडंसंच, म्हणाली. मी सांगितलं, एक तर मी कुणाची मावशी नाही, आणि दुसरं म्हणजे आईने जे माप ठरवलंय तेच मिळेल. ती पेल्याच्या कडेवर जीभ फिरवत राहिली.

लाडावलेली वाटली.

२४ जानेवारी

पुन्हा गेले. आज तिचं तोंड दाराकडे होतं. काल खिडकीकडे होतं, असं भांडीवाली सांगत होती. फरशीवर खुर्चीच्या पायांच्या गोल खुणा उमटल्या आहेत, घड्याळाच्या तबकडीसारख्या. खुर्ची रोज पाव फेर फिरवली जाते.

बाईंना विचारलं. म्हणाल्या, एकाच अंगावर बसून पाठ धरते हो तिची. पटण्याजोगं आहे. तरी दुपारी कुंड्या फिरवताना हात जरा अडखळला.

१२ फेब्रुवारी

आज फार चांगला दिवस. बाईंनी विचारलं, पानावरून रोप करताना माझी पानं का कुजतात. असा प्रश्न मला कुणी विचारून किती वर्षं झाली. विद्यार्थ्यांना नेहमी गुणांची काळजी, पानाची नाही.

मी टेबलावर सगळं मांडून धडाच दिला. पान निवडायचं ते मधल्या फेरीचं. बाहेरच्या फेरीतलं जून झालेलं असतं, आतलं फार कोवळं. देठ बोटाच्या दोन पेरांएवढा ठेवायचा. पातं उकळलेलं हवं, धार नवी हवी, आणि छेद तिरपा, एका ओढीत. चिरडलेला देठ कुजणारच. नारळाच्या भुश्यात परलाइटचे पांढरे दाणे मिसळायचे, पिळला तर थेंब पडू नये इतपतच ओल ठेवायची, वर काचेची बरणी पालथी घालायची. दोन महिन्यांत देठाच्या टोकाशी पिल्लं दिसतात. फूल नको, बी नको, नर नको. येतं ते हुबेहूब आईसारखं.

बाईंनी विचारलं, खोडी मात्र येत नाहीत ना आईच्या? मी म्हटलं, वळण आपण द्यायचं. पहिल्या दिवसापासून फिरवलं तर सरळच वाढतं.

मग म्हणाल्या, एवढं सगळं मी केलं होतं मॅडम, तरी कुजलं. मी सांगितलं, मग मूळ झाडच उपाशी असणार. तहानलेल्या झाडाचं पान रुजत नाही. त्याच्यात साठा लागतो, पिल्लं त्याच साठ्यावर पोसतात. आधी महिनाभर झाडाला खाऊपिऊ घाला, मगच हात लावा.

बाई म्हणाल्या, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

२० फेब्रुवारी

मागच्या खोलीत दूध, अंडी, फळं जायला लागली आहेत. पाण्याचा तांब्याच ठेवला आहे तिच्यापाशी. भांडीवाली म्हणाली, आजींना कुठला देव पावला कोण जाणे.

मी मनात म्हटलं, झाडांच्या निमित्ताने का होईना, माझं बोलणं कुठेतरी लागलं असेल. शिक्षकाचं शिकवणं असंच आडवाटेने पोचतं.

१८ मार्च

मुलीच्या अंगावर मांस चढलं आहे. गाल भरले. बोलते छान, अधू वगैरे काही नाही. तिला एक आत्या आहे, दुसऱ्या गावात, रात्रभराच्या बसच्या अंतरावर. आत्या म्हणाली होती, केव्हाही ये. हे सांगताना ती दाराकडे बघत होती.

मी विचारलं, मग गेली का नाहीस? ती म्हणाली, मावशी, मला चालवत कुठे होतं? आता बघा. आणि खुर्चीतून उठून उभी राहिली, दोन पावलं टाकली, तेवढीच जागा आहे. परत बसली.

मला मावशी म्हणते, म्हणू दे. तिला आत्याकडे पोचवायची. बाईंशी समोरासमोर बोलायचं, आडून नाही. प्रदर्शनाची गडबड उरकली की.

५ एप्रिल

बाईंनी मला नवं पातं उकळून द्यायला सांगितलं. म्हणाल्या, तुमच्यासारखं स्वच्छ मला जमत नाही. एका जुन्या झाडाचा बुंधा लांबला आहे, खालून बोडका झालाय, त्याचं पान घ्यायचंय. मी पातं उकळलं, पुसलं, कागदात गुंडाळून दिलं. छेद घ्यायला मी येऊ का विचारलं. नको म्हणाल्या, हे माझं मी करते.

६ एप्रिल

मुलीच्या खोलीला कुलूप. ताप आलाय म्हणे. भांडीवाली आली नाही. बाई म्हणाल्या, तिला काढून टाकलं, फार बडबडत होती.

फळ्यांवरची सगळी झाडं पाहिली. कुठल्याच झाडाचं पान काढलेलं नाही.

९ एप्रिल

कुलूप काढलं. मी गेले. उजव्या हाताला जाड पट्टी, पंज्याच्या आकारात दोन बोटांची जागा रिकामी. मी विचारलं, कसं झालं? तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, मधल्या फेरीची, मावशी. अनामिका आणि मधलं. तुम्हीच सांगितलंत ना आईला.

मी बाहेर येऊन कुंड्या फिरवल्या. सगळ्या. मग लक्षात आलं, दुसऱ्यांदा फिरवत होते.

१० एप्रिल

बाईंना सरळ विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही, हेच भयंकर. चहा गाळता गाळता बोलल्या. ही बिघडली मॅडम. मान त्या माणसाकडे वळली ती वळलीच. बांधली, फिरवली, उपाशी ठेवली, पण जून खोड, ते काय वळणार. मला हीच हवी, पण पहिल्यापासून. तुम्हीच म्हणालात, वळण आपण द्यायचं. पहिलं माझ्याच हाताने चिरडलं, कुजलं. आताची दोन आहेत, एक तरी लागेल.

मी म्हटलं, माणसाचं तसं होत नसतं. त्या म्हणाल्या, तुम्ही कधी लावून बघितलंय?

चहात साखर विचारली. मी हो म्हटलं. का म्हटलं, कळत नाही.

११ एप्रिल

बाहेर जायला निघाले, चौकीवर सांगायला. पुढच्या दाराला कुलूप. किल्ली बाईंच्या कमरेला. गल्लीच्या टोकाचं घर, पलीकडे रिकामं मैदान. फोन उचलला तर मुका आहे. माझा मोबाइल खोलीत ठेवला होता. नाही.

बाई म्हणाल्या, प्रदर्शन होईपर्यंत थांबा, मग सोडते. तोवर झाडांचं बघा. मागच्या खोलीतलं जेवण चालू हवं ना? मग काम चालू हवं.

मी काम करते. तिचं जेवण चालू आहे.

२ मे

प्रदर्शन जूनच्या आठ तारखेला. बाईंना त्या दिवशी कुंड्या घेऊन जावंच लागेल, गाडी सांगितली आहे. घरात आम्ही दोघीच. मागच्या खिडकीचे गज लाकडी चौकटीत आहेत, चौकट वाळवीने खाल्लेली. रोज थोडं कोरते, कुंड्यांच्या मातीत भुसा मिसळते. मुलीला सांगितलं. ती आत्याच्या घराबद्दल बोलत राहिली, की अंगणात झोका आहे, आत्या कशी तोंडाने फटकळ आहे. हसली. मी उगीच हसत नाही, पण हसले.

तिला इथून बाहेर काढायची, बाकी काही नाही.

२७ मे

मुलगी बोलत नाही. सारखी कोपऱ्याकडे बघते. कोपऱ्यात फडक्याखाली बरणी आहे. एकच. दुसरी बाईंनी परसात, पालापाचोळा कुजवायच्या खड्ड्यात रिकामी केली.

फडकं उचललं नाही. उचलणार नाही.

८ जून

बाई सकाळीच गेल्या. एक गज निघाला, दुसरा निघाला. मुलीला हाक मारली. ती उठेना. म्हटलं, चल, वेळ कमी आहे. तिने मान हलवली. ती म्हणाली, मावशी, यांना वारा लागेल.

आणि तिने फडकं उचललं.

मी जे पाहिलं ते नीट लिहिते, शिकवते तसं. भुश्यात उभं रोवलेलं एक बोट, सुरकुतलेलं, पिवळट. त्याच्या तळाशी पिल्लं. दाटीने. प्रत्येक नखाएवढं, अंगावर बारीक पांढरी लव, पाय पोटाशी घेतलेले. श्वास घेतात. बरणीच्या काचेवर आतून वाफ होती.

सगळ्यांचे चेहरे तिचे.

मी तिला दंडाला धरून ओढलं. तिने खुर्चीचा हात सोडला नाही. म्हणाली, आत्याकडे कुठे ठेवायचं यांना? तिच्याकडे सगळं ऊनच ऊन. मी विनवलं, रागावले, थोबाडीतसुद्धा मारली. दुपार गेली. एकटी जाऊ शकत होते. खिडकीत पाय टाकला होता.

वर्गात मूल ठेवून बाहेर पडणारी मी नव्हे.

बाई पहिलं बक्षीस घेऊन आल्या. मुलीनेच सांगितलं त्यांना, मावशी खिडकी उघडत होती, यांना वारा लागला असता.

९ जून

माझं दार बाहेरून बंद. खिडकीवर फळ्या ठोकल्या, फटीतून उजेड येतो. पूर्वेचा.

१३ जून

पाणी दाराखालून येतं. बशीत. कोमट. अर्ध्या तासाने बाई बशी ओढून घेतात. मी ओणवी होऊन—

ओरडले. मैदानापलीकडे कुत्रं भुंकलं, बस.

१७ जून

बाई दाराशी बसून बोलल्या. पिल्लं वेगळी करायला हवीत, दाटी झाली आहे. त्यांच्या हाताने चिरडतील. मी करावं.

मी म्हटलं, करते. पण आधी मुलीला आत्याकडे पाठवा. जिवंत. वचन द्या.

त्या म्हणाल्या, नाहीतरी नवं रोप लागल्यावर जुनं कोण ठेवतं? पाठवते की.

१८ जून

केलं. चिमट्याने. मुळं, म्हणजे पाय, गुंतलेले होते. एक फाटलं. आवाज फार बारीक, शिट्टीसारखा. बाई म्हणाल्या, जोमाचं एक ठेवा, बाकी खुडा. मी खुडली नाहीत. सगळी लावली, एकेका कुंडीत. हात थरथरला नाही माझा, शरम वाटते लिहिताना.

बाईंनी बसून, माझ्या देखत, बाकी खुडली. कळ्यांसारखी.

मुलगी खुर्चीतून बघत होती.

१९ जून

पाठवली म्हणतात. आत्याकडे. सकाळच्या गाडीने.

गाडी आली नाही. पुढचं दार वाजलं नाही. फक्त परसात फावडं. खड्ड्याशी. बराच वेळ. आणि एकदा, मधेच, मावशी—

नाही. फावडंच.

२५ जून

बशी. कोमट. माझी खुर्ची आज भिंतीकडे. काल दाराकडे होती. मी फिरवली नाही.

१ जुलै

ताट भरून आलं. दूध. अंडी. फळं. तांब्याभर पाणी.

कशासाठी ते मला ठाऊक आहे. मीच शिकवलं. खायचं नाही. नाहीच—

खाल्लं. सगळं. ताट चाटलं.

२० जुलै

बाई म्हणतात, कुंडीतल्या धाकटीला शिकवायला कुणी हवं. मी किती दिवसांची? तुमच्यासारखी मास्तरीण पुन्हा मिळायची नाही मॅडम. तुम्हीच, पण पहिल्यापासून. गज न कोरणारी.

गाल भरले माझे. हात लावून बघितले. थांबवता येत नाही, ताट आलं की मी खाते.

१ ऑगस्ट

पातं उकळतंय. त्याचा आवाज ओळखते, भांड्याच्या तळाला लागून वाजतं.

बाई आत आल्या. डावा देते म्हटलं. नको, उजवा, म्हणाल्या. शिकवायचा हात तोच.

दार उघडं आहे त्यांच्या मागे. पाय उचलत नाहीत. खुर्चीत बसून बसून—

किती थरथरतोय त्यांचा हात. पातं नखावर वाजतंय. असा छेद चिरडणार. चिरडलं की कुजणार. कुजलं की दुसरं बोट, मग तिसरं—

द्या इकडे, म्हटलं. एका ओढीत हवं. तिरपं. वही गुडघ्यावर ठेवते, पातं डाव्या हाताने मीच धरते, असं, पेराच्या खाल